मोज्यांनी तपासलेली वाट

काम संपलं की वेसल डाँकर बूट काढतो. पुढे लोखंडी वाटी असलेले ते जड बूट व्हॅनच्या दाराशी ठेवतो आणि नुसत्या लोकरी मोज्यांवर, डोळे मिटून, नव्या फरसबंदीवरून एकदा जातो नि एकदा येतो. एखादी वीट वर आली असेल किंवा दबली असेल, तर पातळी दाखवणाऱ्या नळीतल्या बुडबुड्याच्या आधी ते तळपायाला कळतं, असं त्याचं म्हणणं. घरमालक खिडकीतून बघत असतात. त्याचा जोडीदार ब्राम हातगाडीला टेकून तंबाखूची सिगारेट वळत असतो आणि दर वेळी तेच विचारतो.

"काय रे, बोलली का एखादी?"

"गप आहेत सगळ्या."

"मग चल. भूक लागलीय."

ओपरवेनमध्ये फरसबंदीवाल्याला कामाची ददात नाही. हॉलंडच्या या पट्ट्यात जमीन काळी, स्पंजासारखी. घरं खोल ठोकलेल्या खांबांवर उभी, त्यामुळे ती जागची हलत नाहीत. त्यांच्या भोवतालची जमीन मात्र हळूहळू बसत जाते. स्वयंपाकघरातून अंगणात उतरायला लग्नाच्या वर्षी एक पायरी असते, मुलं शाळेत जाऊ लागली की दोन होतात, आणि तिसरी लावावी का असा विचार घरात सुरू झाला की कुणीतरी म्हणतं, आता वेसलला बोलवा. वेसल येतो, सगळ्या विटा काढतो, वाळूचा नवा थर टाकतो आणि त्याच विटा उलट्या करून पुन्हा लावतो. चांगली भाजलेली वीट फुकट जात नाही. एक बाजू आजोबांनी झिजवली, तर दुसरी नातवंडांसाठी कोरी असते.

वेसलचे वडील दुसऱ्याच्या गोठ्यात दूध काढायचे. वेसलला गायींची भीती वाटायची आणि शाळेत त्याचं चित्त नसायचं. उरला हाउब काका, नगरपालिकेच्या रस्त्यांवर विटा लावणारा. पहिल्याच सकाळी काकाने पोराचे हातमोजे काढून घेतले.

"हातमोजे घालून मांजर कुरवाळतोस का?"

"नाही."

"मग?"

एवढंच शिक्षण. डाव्या हाताने वीट उचलायची, तळव्यावर एकदा फिरवायची, उजव्या हातातल्या हातोडीने बसवायची, आणि नजर दोरीवर. वीट नेहमीपेक्षा जराशी जाड आहे की पातळ, हे डाव्या बोटांनी ती खाली ठेवण्याआधी सांगायचं. त्याप्रमाणे हातोडीच्या चपट्या टोकाने वाळू ओढायची किंवा भरायची. हे सगळं गुडघ्यांवर, मागे सरकत. वेसलने आयुष्याचा मोठा भाग मागे सरकण्यात घालवला, आणि जे काही शिकला ते त्याच्या डाव्या हाताच्या बोटांत साठलं.

पुढे रस्त्यांवर यंत्रं आली. चिमट्याने एकदम चटईभर विटा उचलून ठेवणारी. वेसलने नगरपालिका सोडली, व्हॅन घेतली आणि लोकांच्या घरची कामं धरली: गाडी आत आणायची वाट, मागचं अंगण, दारापासून फाटकापर्यंतची पायवाट. पेअरच्या झाडाला वळसा घालायचा असतो, पावसाच्या पाण्याला घरापासून लांब उतार द्यायचा असतो, तिथे यंत्राचं चालत नाही. ब्राम विटा आणि वाळू वाहून आणायचा, वेसल लावायचा. दोघं इतकी वर्षं बरोबर होते की भांडायलाही फार शब्द लागत नसत.

गेल्या उन्हाळ्याच्या शेवटी वेसलच्या डाव्या हाताची दोन बोटं बधिर झाली. आधी त्याला वाटलं, झोपेत हात अंगाखाली आला असेल. मग वाटलं, गारवा आहे. गारवा गेला आणि आला, बोटं तशीच. शर्टाची बटणं लावायला वेळ लागू लागला म्हणून तो डोक्यातून घालायचे स्वेटर वापरू लागला. बायको योरीन म्हणाली, बरं दिसतंय तुला. तो काही बोलला नाही. ब्रामलाही बोलला नाही. मोजे आहेत, नजर आहे, दोरी आहे, तेवढ्यावर भागेल असा त्याने स्वतःपुरता हिशेब केला. आणि त्याच शरदात मारिखे मावशीच्या वाटेवर विटा लावल्या.

मारिखे मावशी कुणाचीच सख्खी मावशी नव्हती, पण गावात तिला दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारत नसत. ऐंशी ओलांडलेली, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, आणि खिडक्या गावात सर्वांत स्वच्छ. तिच्या घराला पुढे गाडी उभी करायची जागा, मागे छोटं अंगण, आणि दोन्हींना जोडणारी, घराच्या कडेकडेने जाणारी वाट. ही वाट बैठकीच्या मोठ्या खिडकीखालून जाते. पडदा ओढायची पद्धत तिथे नाही. येणारा-जाणारा आत बघणारच, तेव्हा काच पुसलेली हवी, एवढा तिचा धर्म.

काम चाललं तेव्हा ती दोघांना कॉफी द्यायची. डबा उघडायची, दोघांना एकेक बिस्किट द्यायची आणि झाकण लावायची.

"मावशी, झाकण कशाला लगेच?" ब्राम म्हणायचा. "बिस्किटं पळून जातात का?"

"तुला बघून घाबरतात रे ती."

ब्राम तिच्या शेजारच्याच घरात राहतो. बायको गेल्यापासून दर शनिवारी मावशी त्याला कुंपणावरून वाटाण्याच्या सूपचं भांडं देते, आणि भांडं नीट घासून आलं नाही म्हणून दर सोमवारी बोलणी देते.

काम संपल्यावर वेसल मोज्यांवर चालला. विटा गप होत्या. निदान त्याला तरी तसं वाटलं.

एप्रिलमध्ये, मावशीच्या वाढदिवसाला आठवडा उरला असताना, हानेकेचा फोन आला. हानेके म्हणजे मावशीची एकुलती मुलगी. शहरात शाळेत शिकवते. तिचं बोलणं सरळ, ऐकणाऱ्याला थोडं बोचणारं.

"आई पडलीय. तुझ्या वाटेवर."

"कधी?"

"काल. म्हणते, वीट वर आलीय, त्याला पाय अडकला."

"कुठली वीट?"

"कुठली?" तिचा आवाज चढला. "वेसल, तिच्या खुब्याचं हाड मोडलंय. आणि तू मला विचारतोस, कुठली वीट?"

त्याला खरोखर तेच विचारायचं होतं. वाटेच्या कुठल्या भागात, कुठल्या रांगेत. तो फोन ठेवून स्वयंपाकघरात उभा राहिला. उजव्या हाताने त्याने डाव्या हाताची दोन बोटं चिमटली. काही कळलं नाही.

मावशीचं ऑपरेशन नीट झालं. मग तिला शहराकडच्या एका ठिकाणी ठेवलं, पुन्हा चालायला शिकवतात तिथे. गावात बातमी तिच्या आधी पोचली होती. बेकरीत पाव घेताना ट्रकवाल्या क्लाउसने सगळ्यांदेखत म्हटलं, "आमच्या बाबांना सांगून ठेवलंय, वेसलच्या वाटेवरून जायचं असेल तर हेल्मेट घाला." लोक हसले. वेसलही हसला, कारण दुसरं काय करणार. जनावरांच्या डॉक्टरने आपल्या गाडीच्या वाटेचं काम ठरवलं होतं; त्याच्या बायकोचा निरोप आला की जरा थांबू या. हे सगळं वेसल सोसू शकला असता. गाव दर वर्षी कुणाला तरी धरतं आणि पुढच्या वर्षी सोडतं. त्याला छळत होती ती वीट. डाव्या हातात ती आली होती, जाड होती, आणि बोटांनी त्याला सांगितलं नव्हतं.

तो जेवायला बसायचा, पण जेवण पुढ्यात तसंच राहायचं. योरीनने विचारलं तेव्हा म्हणाला, पोट बरं नाही.

एका दुपारी व्हॅनमध्ये तो ब्रामला म्हणाला, "शनिवारी मावशीकडे जातोय. हानेके येणार आहे. तिच्यासमोर वाट उघडून बघतो. वीट वर निघाली तर मी हातोडी ठेवली."

"म्हणजे?"

"म्हणजे ठेवली. पुन्हा उचलायची नाही."

ब्राम बाहेर बघत होता. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. कालवा, गायी, कालवा. "वाटेत काही नाही," तो म्हणाला.

"तुला काय माहीत?"

"माहीत आहे."

"मित्र असंच म्हणतात."

"मी मित्र म्हणून नाही सांगत."

"मग काय म्हणून सांगतोस?"

ब्रामने तंबाखूची पुडी उघडली, पुन्हा बंद केली. "शनिवारी मला जमायचं नाही," तो म्हणाला. "पाठ धरलीय."

ब्रामची पाठ इतक्या वर्षांत कधी धरली नव्हती. पण वेसल त्या दिवसांत दुसऱ्याच्या पाठीचा विचार करत नव्हता.

शनिवारी तो हानेकेच्या बराच आधी पोचला. तिच्यासमोर कळण्याआधी त्याला एकट्याला कळायला हवं होतं. त्याने वाटेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी ताणली. दोरी कुठेही अडली नाही, कुठेही अंतर पडलं नाही. लांब पट्टी आडवी ठेवून पाहिली, उभी ठेवून पाहिली. मग बूट काढले, डोळे मिटले आणि चालला. गप. परत आला. गप.

एरवी त्याला हे पुरलं असतं. त्या दिवशी पुरलं नाही. बोटं गेली तसे तळपायही गेले नसतील कशावरून? तो गुडघ्यांवर बसला आणि मावशी जिथे सापडली होती तिथल्या, बैठकीच्या खिडकीखालच्या विटा एकेक करून काढू लागला. खाली वाळू घट्ट होती, ओली नव्हती, उंदीर-घुशीने पोखरलेली नव्हती. विटांचे ठसे तिच्यात ओळीने उमटलेले होते, साच्यातून काढल्यासारखे. सगळे एका पातळीत. त्याने उजवा तळवा त्यावरून फिरवला. त्या हाताची बोटं अजून शाबूत होती. एकही ठसा खोल नव्हता, एकही उथळ नव्हता.

हे बघूनही त्याला बरं वाटेना. मावशी पडली होती हे खरं, आणि कारण सापडत नव्हतं. तो टाचांवर बसला, पाठ सरळ केली आणि मान वर केली.

गुडघ्यांवर काम करणारा माणूस सहसा वर बघत नाही. वेसलने त्या घराच्या विटा दोनदा काढल्या-लावल्या होत्या, पण ती खिडकी त्याने अशी खालून कधी बघितली नव्हती. काचेचा डावा अर्धा भाग लख्ख होता. उजव्या अर्ध्यावर हिवाळ्याची धूळ होती. दोहोंच्या मध्ये, वरच्या बाजूला, काच पुसायच्या ओल्या कातड्याचा एक पट्टा वाळला होता. वरून सरळ खाली आलेला, आणि मग अचानक बाजूला, खूप खाली, ओरखडल्यासारखा गेलेला.

वेसल तो पट्टा बराच वेळ बघत राहिला. मारिखे मावशी अर्धी खिडकी पुसून ठेवणारी बाई नव्हती.

तो उठला, मोज्यांवरच अंगणाच्या टोकाच्या लाकडी खोपटात गेला. शिडी भिंतीवर उंच टांगलेली होती. हानेकेने ती स्वतः मुद्दाम उंच टांगली होती, आईचा हात पोचू नये म्हणून. हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं, कारण मावशीने सगळ्यांकडे तक्रार केली होती. शिडी टांगली होती त्या दोरीला दुहेरी फासाची गाठ होती. तशी गाठ विटांच्या गठ्ठ्याला ब्राम मारतो. दुसरं कुणी मारत नाही. वेसल कित्येकदा ती सोडवता सोडवता शिव्या देतो.

कुंपणापलीकडे कात्रीचा आवाज येत होता. पाठ धरलेला ब्राम झुडपं कापत होता.

"ब्राम."

कात्री थांबली.

"इकडे ये."

ब्राम कुंपणाच्या फटीतून आला. त्याने उघडी वाळू बघितली, खिडकी बघितली, वेसलचे मोजे बघितले. टोपी काढून पुन्हा घातली.

"तू होतास," वेसल म्हणाला.

"आवाज ऐकून आलो. ती खाली पडलेली, स्टुलावर चढून काढलेली शिडी तिच्या अंगावर. मी अँब्युलन्स बोलावली. तोवर ती एकच सांगत होती, शिडी उचल, शिडी आत नेऊन ठेव. हाड मोडलंय आणि बाई शिडीचं बोलतेय!"

"आणि तू ठेवलीस."

"शब्द घेतला तिने. हानेकेने शहरात वृद्धाश्रम बघून ठेवलाय. म्हणाली होती, पुन्हा शिडीवर दिसलीस तर त्याच आठवड्यात तिकडे. मग मावशी काय सांगणार? वाट म्हणाली."

"माझी वाट."

"मी म्हटलं तिला, दवाखान्यात जाऊन म्हटलं. मावशी, वेसलचं काय? तर म्हणते, वेसल येईल, एखादी वीट ठोकेल, झालं. वाटेला काय वाईट वाटतंय?"

"आणि तू इतके दिवस माझ्या शेजारी बसून बघत होतास."

"सांगत नव्हतो का तुला? वाटेत काही नाही, काही नाही. दुसरं काय सांगणार, शब्द न मोडता?" ब्रामचा आवाज चढला. "तुलाच स्वतःच्या कामावर भरवसा नाही. मी काय करू?"

वेसलने पालथी घातलेली बादली ओढली आणि तिच्यावर बसला. राग येणार असं त्याला वाटलं होतं. आला नाही. आली ती भूक. पोटात, खरीखुरी, कित्येक दिवसांनी. त्याने डबा उघडला, चीजची दोन सँडविचं खाल्ली, आणि मग हात पुढे केला. ब्रामने घरी जाऊन आपलाही डबा आणला. वेसलने त्यातलंही एक खाल्लं. ऊन भिंतीवर आलं होतं. तो वाळूतल्या त्या ओळीने उमटलेल्या ठशांकडे बघत चावत राहिला.

"चांगला बसलाय थर," तो शेवटी म्हणाला.

"तू लावलायस."

"हो."

मग त्याने हानेकेचा विचार केला. ती येईल, खिडकी बघेल. इतके दिवस तिने बघितली नसेल, कारण ती आली की थेट पुढच्या दाराने आत जायची, आईचे कपडे घ्यायची आणि निघायची. पण आज इथे उभी राहणार होती. बोट दाखवायचा अवकाश, त्याचं नाव धुऊन निघालं असतं, आणि मारिखे मावशीची रवानगी शहरात.

"सांगून टाक तू," ब्राम म्हणाला. "तुझा हक्क आहे. मी नाही अडवणार."

वेसलने हात झटकले. "मला कळायचं होतं. मला कळलं." त्याने डब्याचं झाकण लावलं. "वीट वर आली होती असं खोटं मात्र मी बोलणार नाही. ते जमायचं नाही मला. सरळ सांगेन, काही सापडलं नाही. तिला काय समजायचं ते समजू दे."

"आणि ही खिडकी?"

वेसलने खिडकीकडे बघितलं. मग खोपटाकडे.

म्हणून हानेके आली तेव्हा जे दृश्य होतं ते असं: वाटेवर विटांचा ढीग, शेजारच्या न काढलेल्या विटांवर शिडी, शिडीवर मोजे घातलेला वेसल, एका हातात ओलं कातडं आणि दुसऱ्यात पाणी ओढायची रबरी पट्टी, खाली शिडी धरून उभा असलेला ब्राम. तिची गाडी विजेवरची. आवाज आलाच नाही.

"वेसल," ती म्हणाली, "माझ्या आईच्या खिडकीवर काय करतोयस?"

वेसलचा हात काचेवर थांबला.

"धुतोय," ब्राम म्हणाला.

"ते दिसतंय मला."

तिने धुतलेला भाग बघितला, न धुतलेला कोपरा बघितला, शिडी बघितली. मग ब्रामचा चेहरा बघितला आणि तिथे तिला हवं ते सगळं मिळालं. ब्रामच्या चेहऱ्यावर काहीच लपून राहत नाही. म्हणून तर शनिवारी त्याची पाठ धरली होती. हानेके मागच्या अंगणात गेली आणि तिथल्या लोखंडी खुर्चीवर, पुसून न घेता, बसली.

"तिची बाही कोपरापर्यंत ओली होती," ती थोड्या वेळाने म्हणाली. "नर्सने विचारलं होतं मला, बाहेर पाऊस होता का? मी म्हटलं, असेल." तिने पर्स मांडीवर घेतली. "पाऊस नव्हता."

ब्रामने शिडी घट्ट धरली.

"वाट म्हटलं की सगळं सोपं होत होतं. आईशी भांडायला नको, काही ठरवायला नको. तुला एक फोन केला की झालं." तिने वेसलकडे बघितलं. "चुकलं माझं."

"हो," वेसल म्हणाला.

"बाकी काही बोलणार नाहीस?"

"नाही. उतरू का आता? की कोपरा पुरा करू?"

"पुरा कर," हानेके म्हणाली. "अर्धी खिडकी बघून तिला झोप यायची नाही." आणि मग ती हसायला लागली. बराच वेळ, तोंडावर हात धरून, थोडं रडल्यासारखं.

वृद्धाश्रम तिने आतून बघितला होता. जिन्यात फ्लॉवर उकडल्याचा वास आणि न उघडणाऱ्या खिडक्या. "वर्षातून दोनदा बाहेरून माणूस येऊन धुतो म्हणे," ती म्हणाली. "आई एक आठवडा टिकली नसती. मलाही माहीत होतं ते. फक्त धमकी द्यायला बरं पडायचं." शिडीचं काय करायचं ते तिने तिथल्या तिथे ठरवलं: शिडी ब्रामच्या घरी जाईल, आणि महिन्यातून एकदा ब्राम खिडक्या पुसेल.

"मी?" ब्राम म्हणाला.

"सूप कोण पितं?"

वेसल खाली उतरला आणि ब्रामने शिडी खांद्यावर घेतली.

हानेके कॉफी करायला आत गेली. वेसल पुन्हा गुडघ्यांवर आला आणि काढलेल्या विटा लावू लागला. ब्राम एकेक वीट हातात देत होता. निम्म्यावर वेसल थांबला.

"ब्राम, डाव्या हाताची दोन बोटं गेलीत माझी. काही कळत नाही त्यांना."

"ठाऊक आहे."

"कसं?"

"गेल्या शरदापासून. थर्मासचं झाकण भरून देतो तुला, वाफाळतं. तू ते धरून बसतोस. पूर्वी शिव्या द्यायचास, हात बदलायचास."

"मग बोलला नाहीस?"

"तूच बोलला नाहीस." ब्रामने त्याच्याकडे पुढची वीट दिली आणि मग, गुडघे कुरकुरत असताना, त्याच्या शेजारी वाळूवर बसला. इतक्या वर्षांत वेसलने त्याला खाली बसलेलं पाहिलं नव्हतं. ब्रामने आपला जाड तळवा नुकत्याच लावलेल्या विटांवरून फिरवला, आडवा, मग उभा. "इथे काही नाही," तो म्हणाला. "आता तरी ऐकशील?"

त्या संध्याकाळी वेसलने योरीनला सांगितलं. तिने आधी त्याला झापलं, मग स्वेटरांचं कोडं सुटलं म्हणून हसली, मग डॉक्टरकडे वेळ घेतली. मनगटात नस दबलीय, लहानशी शस्त्रक्रिया करावी लागेल, असं डॉक्टर म्हणाले. हिवाळ्यात करू, वेसल म्हणाला. जमीन गोठली की तसंही काम नसतं. तोवर प्रत्येक कामाच्या शेवटी मोज्यांनंतर ब्रामचा तळवा फिरतो. ब्राम त्याचा फार गाजावाजा करतो.

मावशीचा एप्रिलमध्ये राहून गेलेला वाढदिवस जूनमध्ये साजरा झाला, मागच्या अंगणात, खुर्च्या गोल मांडून. तिकडच्या रिवाजाप्रमाणे येणारा प्रत्येक जण मावशीचं अभिनंदन करत होता, मग हानेकेचं, मग ब्रामचं, आणि सवयीने एकमेकांचंही. प्रत्येकाला केकचा एकेक तुकडा मिळाला. शिडीबद्दल हानेके आईशी अजून बोलली नव्हती. आधी चालू दे तिला, म्हणाली होती. मावशीला वाटत होतं की ब्रामखेरीज कुणालाच ठाऊक नाही.

तिची नणंद, शेजारच्या गावातून आलेली, खुर्ची शोधत होती. वेसलच्या शेजारची तेवढी मोकळी होती. ती बसली आणि पायांखाली बघितलं.

"ही तीच का रे फरसबंदी?" तिने मोठ्याने विचारलं. "मग मी आपली गवतावर बसते."

ब्राम केककडे बघत होता. वेसलने कप बशीत ठेवला. त्याला स्वतःलाच नवल वाटलं की त्याला काही लागलं नाही. वाट सपाट होती. त्याला माहीत होतं. नणंदेला माहीत नव्हतं, हा तिचा प्रश्न.

मावशी स्वयंपाकघराच्या दारात होती, चाकांच्या वॉकरला धरून. तिने ते ऐकलं. तिने वेसलकडे बघितलं, त्याच्या न बोलण्याकडे बघितलं, आणि तिला काहीतरी कळल्यासारखं दिसलं.

"बस तिथेच," ती नणंदेला म्हणाली. "वाट चांगली आहे. मी शिडीवरून पडले."

"शिडीवरून?"

"खिडकी पुसत होते. झालं समाधान?" तिने हानेकेकडे बघितलंच नाही. "कॉफी कुणाला हवीय?"

"आई..." हानेकेने सुरुवात केली.

"नंतर बोल. आत्ता पाहुणे आहेत."

वॉकरवर एक लहान ट्रे बसवलेला होता. मावशीने त्याच्यावर काठोकाठ भरलेला कप बशीसकट ठेवला, वेसलसाठी. हानेके उठू लागली, तसं मावशीने हातानेच तिला बसवलं. ती दारातून निघाली आणि विटांवरून हळूहळू आली, चाकं सांध्यांवरून जाताना बारीक टकटक करत. गोलातले सगळे त्या कपाकडे बघत होते. वेसलही.

कप त्याच्यापर्यंत पोचला. बशी कोरडी होती.

"घे," मावशी म्हणाली. "आणि डबा तिथे ठेवलाय. आज दोन घे."

ब्राम पलीकडून वाकला. "काय रे," तो म्हणाला, "बोलली का एखादी?"

वेसलने कप उजव्या हातात घेतला. कॉफी गरम होती. "गप आहेत," तो म्हणाला आणि डब्याकडे हात नेला.